होळी ते पाडवा

“सराटा थांबू देऊ नको, बुडाले लागन ना!”

माय ओरडते आणि मी पुन्हा दोन्ही हातांनी सराटा धरून चीक घोटायला लागतो.

सकाळचे सहा वाजून गेलेत. अमरावतीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर तीन विटांची चूल मांडली आहे, चुलीत पराट्या तडतडताहेत आणि वरच्या गंजात कुरडयांचा चीक रटरटतोय. होळी होऊन आठवडा झाला, पाडव्याला आठवडा आहे. वाळवणाचे खरे दिवस हेच. चीक गॅसवर शिजत नाही असं नाही. पण मायच्या मते गॅसवरच्या चिकाला जीव नसतो, आणि वाळवणाच्या बाबतीत आमच्या घरात मायच्या मतावर अपील चालत नाही.

गहू तीन दिवस भिजला. रोज पाणी बदललं, तरी तिसऱ्या दिवशी त्याचा आंबूस वास जिन्यापर्यंत आलाच. काल तो वाटून, पिळून, चोथा बाजूला काढून चीक रात्रभर निवळायला ठेवला. पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं तर तळाशी पांढराशुभ्र, बोटाला चिकटून येणारा थर. आता मोजून पाणी उकळायचं, मीठ-हिंग टाकायचं, एकीनं बारीक धारेनं चीक सोडायचा आणि दुसऱ्यानं न थांबता घोटायचं. हे घोटायचं काम माझ्याकडे आलंय, कारण त्याला अक्कल लागत नाही, दंड लागतात. असं बायकोचं म्हणणं.

पांढरा आहे तोवर चीक कच्चा. हळूहळू त्याचा पांढरेपणा जातो, अंगावर चकाकी येते, सराटा जड होत जातो आणि मध्येच एखादा बुडबुडा फुटून मनगटावर चटका बसतो. शेजारच्या काकू स्वतःचा पितळी सोऱ्या घेऊन आल्यात. त्या गंजात डोकावतात, ओल्या बोटानं चिकाला टेकून बघतात. बोटाला काही चिकटत नाही. “झाला. उतरवा,” त्या म्हणतात आणि माय मान हलवते. परवा त्यांचा गहू, तेव्हा माय त्यांच्या गच्चीवर. या देवाणघेवाणीचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही आणि तो कधी चुकतही नाही.

गंज खाली उतरला की पहिला हक्क पोरांचा. वाट्या घेऊन दोघं केव्हाची उभी आहेत. धाकटीला चीक दूध-साखर घालून लागतो. आठवीतल्या दादाला त्यात कच्चं तेल, तिखट आणि जिरं. तो तोंडात घालतो, पोळतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी तोंड मिटत नाही. मी माझी वाटी कठड्यावर ठेवून फुंकत बसतो. ताज्या चिकाची चव सांगायला जावं तर सांगता येत नाही. गव्हाची असते आणि गव्हाची नसतेही. हॉटेलात हा पदार्थ मिळत नाही आणि मिळू नये असंच मला वाटतं. ज्यानं घोटला किंवा घोटणाऱ्याच्या भोवती लुडबुड केली, त्यानंच तो खावा.

मायचं जुनं सुती पातळ ओलं करून पसरलंय. सोऱ्या फिरतो आणि एकेक कुरडई पडते. मायच्या कुरडया लहान, गच्च, सगळ्या एका मापाच्या. बायकोच्या जरा पसरट. समोरच्या घरातली पोरगी आज हौसेनं आली आहे. तिचे दहावीचे पेपर परवा संपले आणि महिनाभरात पहिल्यांदाच ती पुस्तकाशिवाय दिसते आहे. तिची पहिली कुरडई गोल व्हायच्या आधीच तुटते, दुसरी लांबट होते, तिसरी जमते. धाकटी हट्ट करून एक पाडते. ती कुरडई आहे की गांडूळ, यावर भावानं शेरा मारायच्या आत ती तिच्याशेजारी कडुनिंबाची काडी ठेवून देते. “ही माझी. तळताना मला द्यायची.” तिच्या गळ्यात अजून होळीची गाठी आहे. साखरेची अर्धी पदकं खाऊन झालीत, उरलेल्यांवर मुंग्या चढल्यात. माय रोज सकाळी झटकून पुन्हा गळ्यात घालते.

आठ वाजता चूल विझते. नऊ वाजता गच्चीवर पाय ठेवता येत नाही. याच उन्हाची वाट बघत सगळी बाई-माणसं पहाटे चारला उठली. इथली हवा कोरडी, वारा सुटलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही. दोन दिवसांत कुरडई अशी कडकडीत वाळते की डब्यात टाकताना खुळखुळ वाजते. कोकणात माझा एक मित्र आहे, त्याच्या आईला याच पापड-कुरडयांसाठी आठवडा लागतो आणि तरी बुरशीची धास्ती. ऊन म्हटलं की आपण फक्त घाम मोजतो. आमच्या गच्चीवर ते शिधा मोजतं.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. तो हिंजवडीत नोकरी करतो. फोन आधी कुरडयांवर फिरतो, मग मायवर.

“टेंपरेचर किती आहे गं तिकडे?”

“तुले टेंपरेचर कायले पायजे? कुरडया पाय!”

तो हसतो. मे महिन्यात येतो म्हणतो, दरवर्षीसारखा. मे महिन्यात येतो, चार दिवस कुलरपुढे बसतो, आंबे खातो आणि ‘तिकडे राहणं अशक्य आहे’ असं सांगत परत जातो. पुण्या-मुंबईतल्या आमच्या अर्ध्या पोरांचं वऱ्हाड असं मे महिन्यातलं आणि दिवाळीतलं आहे. मधला हा पंधरवडा त्यांनी शाळा सुटल्यापासून पाहिलेलाच नाही. हे मी त्याला फोनवर सांगत नाही. हात चिकानं भरलेत.

खाली अंगणात पाणी द्यायची वेळ झाली आहे. आज नळाचा दिवस, त्यामुळे टाकी भरेपर्यंत नळी आमच्या ताब्यात. शहराला हे पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून येतं, ते बागेला घालताना माय दर वेळी कुरकुरते आणि दर वेळी दोन तांबे जास्तच घालते. अंगण छोटं आहे. पण त्यात कढीपत्ता, पपई, दोन जास्वंदी, मधुमालती, सांबाराचा म्हणजे कोथिंबिरीचा एक वाफा, भेद्रांची म्हणजे टोमॅटोची चार झाडं आणि दारापाशी मोगरा आहे. माती काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या कुंपणाची भिंत याच फुगण्या-आटण्यात एका बाजूला कलली आहे. कुंडीत निव्वळ काळी माती भरली तर चार दिवसांत ढेकूळ होतं, म्हणून तिच्यात रेती आणि शेणखत. आणि आता चैत्राच्या तोंडावर सगळ्या आळ्यांत कुटार. गावाकडून हरभऱ्याचं पोतंभर कुटार आलंय, ते बोटभर जाड पसरलं की पाणी दुपारपर्यंत तरी धरतं.

मोगऱ्याला पहिल्या कळ्या आल्यात. सहज नाही आल्या. जानेवारीत मायनं त्याची छाटणी केली, उरलेली पानं ओरबाडून काढली आणि त्याचं पाणी तोडलं. झाड मेलं म्हणून पोरं हळहळली होती. मग महाशिवरात्रीच्या सुमाराला शेणखत घालून भरपूर पाणी दिलं. आता कोवळ्या फुटीच्या टोकाला तांदळाएवढ्या कळ्या. मायचं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागायतीचं. तिकडे आंबिया बहार धरायचा असेल तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण देतात, मृग बहार धरायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात. ताण बसला की झाड पानं सोडून फुलाच्या मागे लागतं. मायनं तेच शहाणपण मोगऱ्याला लावलं. तिच्या माहेरची मृगाची संत्री या दिवसांत संपत आलेली असतात. मामानं पाठवलेल्या पोत्यातली शेवटची काही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहेत, साल सुकलेली, आत मधाळ गोड. आणि आंबियाची नवी फळं झाडावर बोराएवढी झाली असतील.

फाटकाबाहेरचा कडुनिंब मात्र यंदा जरा वाचला. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी काँक्रीट थेट बुंध्याला आणून भिडवलं होतं. गल्लीतल्या चौघांनी मिळून छिन्नी-हातोड्यानं बुंध्याभोवती हातभर गोल फोडून काढला. आता झाडानं जुनी पानं गाळली आहेत, शेंड्याला तांबूस पालवी आहे आणि तिच्या आड तांबट पक्षी टुक्‌ टुक्‌ करत बसलाय. पाडव्याच्या सकाळी याच झाडाचा डहाळा गुढीला लागेल आणि याचीच कोवळी पानं गुळासोबत चावून खावी लागतील. शहरात अशी मोकळ्या बुंध्याची झाडं किती आहेत, हे एकदा मान वर न करता, खाली बघत चालून पाहा.

दुपारचा कार्यक्रम कुलर काढणे. गॅलरीत वर्षभर कपडे टाकायला उपयोगी पडलेला तो पत्र्याचा डबा पोरं ओढत आणतात. मागच्या वर्षीचं गवत काढलं की धुळीचा लोट. पंप अडकलाय, पंखा कुरकुरतोय, टाकीत एक मेलेलं झुरळ आणि धाकटीचा हरवलेला खोडरबर. आजोबांच्या काळी खिडकीला वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि त्यांवर पाणी मारायला एक पोरगं नेमलेलं असायचं. ते पोरगं म्हणजे माझे वडील. आता बाजारातून नवं गवत आणून जाळ्यांत बसवतो, तेल घालतो, चालू करून बघतो आणि बंद करतो. पाडव्याच्या आधी कुलर लावायचा नाही, हा घरचा नियम. आत्ताच लावला तर मे महिना कशाच्या भरवशावर काढायचा, असा मायचा सवाल असतो आणि त्याला उत्तर नाही.

ऊन उतरल्यावर छत्री तलाव. बायको स्कूटरवर, तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. अमरावतीत या दिवसांत मैत्रिणीसुद्धा एकमेकींना गाडीच्या नंबरवरून ओळखतात. इंग्रजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, वडाळीचा दुसरा. दोन्ही शहराच्या कडेला, जिथून पोहऱ्याच्या जंगलाच्या टेकड्या सुरू होतात. वडाळीला वनखात्यानं बांबू उद्यान केलंय, तिथे पोरांची घसरगुंडी आणि बांबूच्या कितीतरी जाती. रविवारी मात्र पाय ठेवायला जागा नसते. आज शनिवार, तरी आम्ही गर्दी टाळून इकडेच.

पाणी ओसरलंय. कडेचा चिखल वाळून भेगा पडल्यात. मधोमध बदकांची एक जोडी तरंगते आहे, मुलगा दुर्बिणीतून बघून सांगतो, “हळदीकुंकू.” चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी तांबडा, म्हणून आपल्या माणसांनी बदकाला हे नाव दिलंय. हिवाळी पाहुणे परतले, ही बारमाही इथलीच. पलीकडच्या टेकडीवर साग उघडाबोडका उभा आहे. सगळा डोंगर पिंगट, आणि त्यात पळस. आता उतरणीला लागलाय, तरी पेटलेला दिसतो. जवळच्या एका झाडावर साळुंक्यांची झुंबड आहे. फुलाला वास नाही, पण मध एवढा की दोन शिंजीर साळुंक्यांच्या गर्दीतून वाट काढून चोच घालताहेत. धाकटी खाली पडलेली फुलं फ्रॉकच्या ओच्यात भरते. फूल हातात घेऊन पाहावं: देठाची वाटी काळपट मखमलीची, पाकळी आतून शेंदरी, बाहेरून बारीक लव, आणि एक पाकळी चोचीसारखी वळलेली. होळीच्या आदल्या रात्री हीच फुलं आम्ही उकळली होती. पाण्याला पिवळसर केशरी रंग येतो. चिमूटभर चुना टाकला की लालसर गडद होतो. त्या रंगानं भिजलेला माझा बनियन अजून केशरी आहे.

“जास्त आत जाऊ नका,” फिरायला आलेले एक काका जाताजाता बजावतात. बिबट्या. इथे कुणी तो शब्द घाबरून उच्चारत नाही. पोहऱ्याच्या जंगलातले बिबटे शहराच्या कडेला अधूनमधून दिसतात आणि अमरावतीकर संध्याकाळी फिरणं सोडत नाहीत. अंधार पडायच्या आत परतायचं, एवढंच. परतताना गिला वडा. उडदाचा वडा दह्यात बुडालेला, वर आंबटगोड चटणी आणि तिखट. बाहेरचे लोक त्याला दहीवडा म्हणतात तेव्हा गाडीवाला काही बोलत नाही, फक्त तिखट जरा जास्त टाकतो.

रविवारी सकाळी साडेसहाची एसटी. अकोल्याला ताईकडे जायचंय, आणि तिथून तिच्या शेतात रोडगे. मायचं वय पंचाहत्तरच्या पुढे, तिला तिकीट नाही. बायको आणि मुलगी अर्ध्या तिकिटात. पोरगा बाराच्या पुढचा. पूर्ण पैसे मोजणारे आम्ही दोघे बाप-लेक. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणतो, “साहेब, आता गाडी तुमच्याच पैशावर चालून रायली.” गाडीत बायकाच जास्त आहेत. कुणी बडनेऱ्याला चढलेली, माहेरी चाललेली, मांडीवर टरबूज. कुणी मूर्तिजापूरला लग्नाच्या बैठकीला. २०२३च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून फाल्गुनातलं माहेरपण वाढलंय, असं मायचं निरीक्षण. मला ते पटतं.

रस्ता गुळगुळीत. जून २०२२मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. अभिमान वाटावा असंच आहे. चौपदरी रस्त्याला सावली मात्र नाही. दुभाजकातली कण्हेर फुललेली आहे, पण तिच्याखाली बैल बांधता येत नाही. दोन्ही बाजूंना गव्हाचं रान, काही उभं, काही कापलेलं. एका वावरात हार्वेस्टर फिरतोय आणि त्याच्यामागे बगळ्यांची रांग. मूर्तिजापूरला माय खिडकीतून स्टेशनाच्या बाजूला बघते. इथून एका अंगाला यवतमाळला आणि दुसऱ्या अंगाला अचलपूरला जाणारी शकुंतला, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. मायची वरात तिच्यातूनच आली होती. आता रुळांत बाभळी आहेत.

अकोल्यात ताईच्या दारात टेम्पो तयार. त्यात भाऊजी, त्यांचे दर्यापूरकडचे काका, भाची, गोवऱ्यांची दोन पोती, वांग्यांची पिशवी, तुरीची डाळ, तुपाचा डबा आणि पाण्याचे कॅन. भाची पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते. हे विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात झालं. ज्यांचं नाव त्याला आहे ते देशाचे कृषिमंत्री होते आणि अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे होते, हे ती मला दर भेटीत ऐकवते, जणू मी पुण्याचा आहे. आज तिनं आजीसाठी लिंबाचं रोप आणलंय. ‘चक्रधर’, बिनबियांचं कागदी लिंबू.

“बिया नाय तं मंग लिंबाचं पोर कसं होईन?” माय विचारते.

“कलमानं, आजी.”

माय रोप मांडीवर घेते आणि शेतापर्यंत खाली ठेवत नाही.

शेत बार्शीटाकळीच्या रस्त्याला, काटेपूर्णेच्या कालव्यावर. महानच्या धरणाचं पाणी यंदा दोन पाळ्या जास्त मिळालं म्हणून गहू साधला. गेल्या आठवड्यात काढला, थ्रेशरमधून काढून पोती घरी गेली. आता धसकटं आणि भुशाचा ढीग. बांधावर एक मोह आहे. फुलं पहाटेच टपकतात, आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजलेत, तरी पानोळ्यात काही पिवळट थेंब उरलेत. भाची एक उचलून पुसते आणि मुलाला देते. तो चावतो आणि चेहऱ्यावर आधी शंका, मग आश्चर्य. गोड, जरा उग्र. दुसरं मागतो. “दोनच,” भाऊजी सांगतात, “मंग डोकं फिरते.”

कडुनिंबाच्या सावलीत काम सुरू. गोवऱ्या रचून पेटवल्यात. धूर संपून लाल जगरा होईपर्यंत तासभर जाणार. तोवर कोपरात पीठ मळलं जातंय आणि त्यावर वाद. भाऊजींचा आग्रह नव्या लोकवन गव्हाचा, याच मातीतला. काका दर्यापूरहून स्वतःचं पीठ घेऊन आलेत. पूर्णेच्या काठचा तो खारपाणपट्टा. विहिरीला पाणी खारं, ते पिकाला चालत नाही. म्हणून पावसाळ्याची ओल काळ्या मातीत धरून ठेवायची आणि तिच्यावर बन्सी गहू घ्यायचा, एकही पाणी न देता.

“रोडग्याले बन्सीच पायजे,” काका पिठात हात घालतात. “लोकवनाचे रोडगे मंजे नुसते बिस्कुटं.”

“काका, तुमच्या बन्सीचं एकरी पीक किती?”

“पीक तुह्यावालं जास्त. चव माह्यावाली. खाऊन पाय, मंग बोल.”

शेवटी दोन वेगळे गोळे मळले जातात. पीठ जाडसर, त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. ताई लिंबाएवढी गोळी घेऊन छोटी पुरी थापते, तिला तेल लावते, तिच्यावर जरा मोठी, पुन्हा तेल, वर आणखी एक, आणि शेवटी सगळं मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा बंद. भाजल्यावर फोडला की आतले पदर सुटे झाले पाहिजेत; पदर चिकटले तर तो रोडगा नव्हे. मुलीनं विचारलंय की पानगे का नाही करत. पानग्याला पळसाची पानं लागतात, आणि बांधावरच्या पळसाला आत्ता फुलंच फुलं, पान एक नाही.

जगरा तयार झाला. काका लांब काठीनं निखारे पसरतात, रोडगे मांडतात, फिरवतात. तांबूस झाले की सगळे ओढून गरम राखेत पुरायचे आणि विसरून जायचं. हे विसरणं फार महत्त्वाचं. घाई करून काढले तर आत कच्चे. शेजारी तीन दगडांवर वांग्याची भाजी, फल्लीचा कूट आणि भरपूर तिखट. दुसऱ्या गंजात वरण. पोरं कालव्यात पाय सोडून बसलीत. भाचीनं टरबूज पाण्यात ढकललंय आणि ते वाहून जाऊ नये म्हणून दादाला पहारा दिलाय. ताई आणि बायको झाडाला टेकून कुणाकुणाच्या लग्नांच्या तारखा काढताहेत. मायला चांदूर रेल्वेजवळच्या सावंगा विठोबाला पाडव्याच्या यात्रेला जायचंय. तिथे उंच झेंड्यांना नव्या खोळी चढतात आणि भक्त कापूर जाळतात. “कोन नेते मले?” ती सगळ्यांकडे बघत विचारते, आणि भाऊजी हात वर करतात. जावयानं हात वर केल्यावर मुलानं खाली ठेवून चालत नाही, म्हणून मीही करतो.

एक वाजता राख उकरली जाते. काका रोडगा कापडावर घेऊन झटकतात, दोन तळव्यांत दाबतात, तो फुटतो आणि वाफेबरोबर ओव्याचा वास. पदर सुटलेत. त्यात तूप ओततात, बाजूला वांगी, वरून वरण. पहिली दहा मिनिटं कोणी बोलत नाही. मी दोन्ही चाखून पाहिले. लोकवनाचा मऊ होता, बन्सीचा रवाळ आणि जरा गोडसर. मी बन्सीच्या बाजूनं मत देतो आणि भाऊजी म्हणतात, “हा काय अमरावतीवाला निकाल देऊन रायला!” काका काही बोलत नाहीत. आणखी एक रोडगा माझ्या ताटात पडतो.

दोन वाजता ऊन पांढरं होतं. पारा अडतीसच्या वर असावा. मार्चमध्येच चाळिशी गाठणं अकोल्याला नवं नाही. सगळे झाडाखाली आडवे. माय लिंबाचं रोप डोक्याशी ठेवून झोपली आहे. मी पुण्याला भावाला फोटो पाठवतो: राखेतला रोडगा, कालव्यातलं टरबूज, मोहाच्या बुंध्याशी झोपलेला त्याचा पुतण्या. उत्तर लगेच येतं. “मलाही यायचं होतं यार. पण मार्च एंड.”

मार्च एंड, पोरांच्या परीक्षा, सगळं खरं आहे. तरीही पुण्या-मुंबईतल्या वऱ्हाडी मंडळींना माझी विनंती आहे: मे महिन्याची सुट्टी आंब्यांसाठी राहू द्या, पण होळी ते पाडवा या पंधरवड्यातला एक शनिवार-रविवार इकडे काढा. रात्रीच्या गाडीनं निघालात तर सकाळी अकोला येतं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडा, मधल्या वेळात झोपा, दुपट्टा विसरू नका. घरच्यांना आधी कळवा, म्हणजे गहू दळून ठेवता येतो. आणि पानगेच खायचे असतील तर मात्र या दिवसांत येऊ नका; पळसाला पानं फुटेपर्यंत ते मिळायचे नाहीत.